राखीव उपग्रह

आज पहाटे एसी बंद केला.

इथला हिवाळा कानांतून येतो. एप्रिलपासून खोलीत एसीची घरघर रात्रंदिवस चालू असते आणि काही दिवसांनी ती आपल्याला ऐकूच येईनाशी होते. मग नोव्हेंबरात एका पहाटे पायांना गार लागून जाग येते, आपण उठून बटण दाबतो, आणि सात महिने त्या घरघरीखाली दबलेलं सगळं एकदम वर येतं. शेजारच्या खोलीतल्या केरळी गृहस्थांचा खोकला. खाली कुणी कंपनीची बस धूत असल्याचा पाण्याचा आवाज. साळुंक्या. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या या स्टाफ क्वार्टर्समध्ये साळुंक्या राहतात, हे मला दर वर्षी नव्यानं कळतं.

त्या शांततेत फोन एकदाच वाजला. रायनकडून एक फाइल आली होती. ऑडिओ, एक्केचाळीस मिनिटं. सोबत एक शब्दही नाही.

मागच्या हिवाळ्यात दर दुसऱ्या रविवारी अशी फाइल यायची. मार्चपासून ती बंद होती. ज्यांच्यासाठी ती यायची ते इनासकाका, रायनचे वडील, जुलैमध्ये वसईत वारले. मग आता ही फाइल कुणासाठी?

मी फोन पालथा ठेवला आणि चहाचं आधण ठेवलं. आज अल ऐनला साइटवर जायचं होतं. गाडीत ऐकू, असं स्वतःला सांगितलं.

पाच वर्षांपूर्वी मी दुबईत आलो तेव्हा आमच्या कारखान्याच्या वसईकर स्टोअरकीपरनं मला ऊद मेथाला इनासकाकांच्या फ्लॅटवर नेलं होतं. काका एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर होते. तीस वर्षं चादरींच्या वाफेत उभं राहून त्यांच्या हातांची कातडी लहान मुलासारखी गुळगुळीत झाली होती. मुलगा शिकायला अमेरिकेला गेलेला, त्याच्या पाठोपाठ मेरीकाकू वसईला परतलेल्या. एक खोली रिकामी होती.

"शिक्षण?" त्यांनी विचारलं.

"बीई इलेक्ट्रॉनिक्स. नांदेडहून."

"घरात अजून कोण शिकलेलं?"

"कुणी नाही. मी पहिलाच."

मग त्यांनी खोलीचं दार उघडलं. "मग ही तुझी. फक्त एक कर इंजिनिअर, छताला हात लावू नकोस."

छताला प्लास्टिकचे तारे चिकटवलेले होते. दिवा घालवला की ते हिरवट चमकायचे. रायन नऊ वर्षांचा असताना काकांच्या खांद्यावर बसून त्यानं ते एकेक करून लावले होते. कुठलंही नक्षत्र जुळत नव्हतं. जिथे हात पोचला तिथे तारा. त्या ताऱ्यांखाली मी चार वर्षं झोपलो. त्याच्याच पलंगावर, त्याच्या शाळेची ट्रॉफी उशाशी ठेवून. काका सकाळी ड्यूटीला निघताना माझा डबा भरून जायचे आणि भाडं मागायला कधी दाराशी आले नाहीत. परदेशात पहिल्या वर्षी कुणी आपलं ताट झाकून ठेवतं तेव्हा काय वाटतं, हे मला नीट लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो की त्या ताटावर पहिला हक्क दुसऱ्या कुणाचा आहे, हे मी एक दिवसही विसरलो नाही.

रायनशी त्यांचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. दर रविवारी दुपारी काका स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, फोन स्पीकरवर टाकून बोलायचे. काका मराठीत विचारायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. इथे वाढलेली बहुतेक मुलं तशीच बोलतात, त्यात रुसवा नसतो.

"जेवलास का रे?"

"या, डॅड."

"थंडी किती आहे?"

"स्नोइंग, डॅड."

"काम बरं चाललंय?"

"ऑल गुड. डॅड, आयम ड्रायव्हिंग. कॉल यू लेटर, ओके?"

दोन मिनिटं. कधी दीड. तो ओहायोत एका हॉस्पिटलात नोकरीला, घरापासून चाळीस मिनिटांच्या रस्त्यावर. काकांच्या फोनला तो नेहमी त्या रस्त्यावरच सापडायचा. फोन ठेवल्यावर काका थोडा वेळ कांद्याच्या टोपलीकडे बघत उभे राहायचे आणि मग मला म्हणायचे, "बरा आहे. गाडी चालवतोय."

निवृत्तीला एकच हिवाळा उरला तेव्हा त्यांनी ती मोटारसायकल घेतली. अमेरिकेहून आलेली, जुनी, लांब पल्ल्याची टूरिंग गाडी. पुढे मोठी काच, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, हँडलच्या वर दोन स्पीकर. पार्किंगमध्ये ती दोन गाड्यांच्या मधे वेताला आलेल्या म्हशीसारखी बसलेली असायची. मेरीकाकूंनी फोनवर ऐकलं आणि त्या हसायलाच लागल्या.

"आता म्हातारपणी घोड्यावर बसणार का तुम्ही?"

"घोडा नाही गं. हिला रिव्हर्स गिअर आहे. तुझ्यापेक्षा समजूतदार, सांगितलं की मागे येते."

"या इकडे, मग सांगते कोण मागे येतं ते."

एवढा हिवाळा इथले सगळे रस्ते बघून घ्यायचे आणि मग गाडी विकून घरी जायचं, असा त्यांचा बेत होता. तीस वर्षांत त्यांनी हॉटेल, चर्च आणि विमानतळ, एवढीच दुबई पाहिली होती.

तेव्हाच्या एका रविवारी रायन बोलत असताना त्याच्या आवाजामागे एक गाणं ऐकू आलं. गिटार, आणि एक दमलेला पुरुषी आवाज. अमेरिकेतल्या गुराख्यांची जुनी गाणी असतात, तसलं. काकांची ही फार आवडती. वसईत त्यांच्या तरुणपणी लग्नातले बँडवालेसुद्धा ती वाजवायचे म्हणे. लहानपणी रायन मात्र त्यांच्या गाडीत कानांवर हात घेऊन बसायचा: "डॅड, प्लीज, नॉट द काउबॉईज!"

"कुठलं रे गाणं हे?" काकांनी विचारलं.

"ओ, दॅट? सॅटेलाइट रेडिओ. युअर काउबॉय स्टफ, डॅड. गॉट टु गो."

फोन बंद झाला. काका त्या दिवशी टोपलीकडे बघत राहिले नाहीत. सरळ खाली पार्किंगमध्ये गेले. मीही मागोमाग गेलो. गाडीच्या रेडिओवर एएम, एफएमच्या शेजारी एक बटण होतं, सॅट लिहिलेलं. मागच्या पेटीवर अँटेनाही होता, बोटाच्या पेराएवढा. फक्त आतलं रिसीव्हर यंत्र नव्हतं. पहिल्या मालकानं बसवलं नसेल.

"इंजिनिअर," ते म्हणाले, "आकाश तर एकच आहे ना? तो तिथे लावेल, मी इथे लावेन. एकच गाणं, एकाच वेळी. फोन करायला नको, काही विचारायला नको. त्याला त्रास पण नाही."

मला त्याच क्षणी माहीत होतं की हे होणार नाही. तिसऱ्या वर्षाला तो धडाच होता. उपग्रहाच्या लहरींचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा ठरावीक जमिनीवर पडतो. त्या रेडिओचे उपग्रह अमेरिकेच्या माथ्यावर टांगलेले, त्यांचा झोत तिथेच संपतो. आमच्या क्षितिजावर ते उगवतच नाहीत. परीक्षेत मी त्याची आकृती काढली होती, पृथ्वीचा गोल वाटी उपडी ठेवून गिरवला होता.

आणि तरी मी म्हणालो, "बघू. होईल."

असं का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे वडील मुखेडला नगरपालिकेत वॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी सोडायचं, ते त्यांच्या हातात. पाणी कुठे अडलं तर ते लोखंडी पान्ह्याचं एक टोक पाइपवर टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे, आणि बोटानं जमिनीवर खूण करायचे: इथे खणा. कधी चुकल्याचं मला आठवत नाही. मी इंजिनिअर झालो तेव्हापासून मात्र घरात काहीही बिघडलं, मिक्सर, मोबाइल, शेजाऱ्यांचा सोलर हीटर, की ते म्हणतात, "पोराला विचारा." घरातला पहिला पदवीधर "मला येत नाही" असं म्हणू शकत नाही. ते एकट्याचं अज्ञान राहत नाही, घरातल्या सगळ्यांनी पोटाला चिमटा काढून भरलेल्या फीचा तो अपमान होतो. मला "होईल" म्हणायची सवय लागली होती. आणि विचारणारा माझं ताट झाकून ठेवणारा माणूस होता.

रिसीव्हर शारजाच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात मिळाला. दुकानदार पेशावरचा, दाढीला मेंदी लावलेला.

"इधर चलेगा ना, भाईजान?" काकांनी विचारलं.

"हबीबी, अमरीका का माल है। सारी दुनिया में चलेगा।"

"साडेचारशे दिरहम," परतताना काका म्हणाले, "म्हणजे दहा हजाराच्या वर गेले. मेरीला सांगू नकोस. खलास."

मी ते यंत्र बसवलं. सीट काढली, बाजूचं पॅनेल काढलं, अँटेनाची तार ओढली, प्रत्येक सांधा डाख देऊन वर नळी चढवली. आमच्या कारखान्यात बनणाऱ्या इलेक्ट्रिक पॅनेलवरही मी इतकं नीट काम क्वचित केलं असेल. काका बॅटरी धरून उभे होते आणि माझ्या हातांकडे कौतुकानं बघत होते. जे चालणार नाही हे मला माहीत होतं, ते मी इतक्या निगुतीनं जोडत होतो.

किल्ली फिरवली. बटण दाबलं. छोट्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली: सिग्नल शोधत आहे.

"इथे तळघरात कसा मिळणार," काका म्हणाले. आम्ही गाडी रस्त्यावर काढली. सिग्नल शोधत आहे. "इथे टॉवर फार आहेत. वाळवंटात मिळेल." पुढच्या सुट्टीला अल ऐनच्या रस्त्याला लागलो. मी मागे बसलेलो. दोन्ही बाजूंना लाल वाळू, कुंपणाच्या आत उंट, गाफची एकेकटी झाडं, हेल्मेटच्या काचेवर दव. सिग्नल शोधत आहे. "उंचावर जाऊ," ते म्हणाले.

जबल हफीतच्या माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं पडत होतं. खाली अल ऐनची हिरवी बागायत धुक्यात बुडालेली. काकांनी हेल्मेट काढलं. विरळ केस कपाळाला चिकटले होते.

"अमेरिका कुठल्या बाजूला?"

मी वायव्येकडे हात केला. काकांनी रिव्हर्स गिअर टाकून ती भलीमोठी गाडी त्या रिकाम्या पार्किंगमध्ये हळूहळू वळवली, दोनदा मागे, एकदा पुढे, आणि तिचं तोंड बरोबर माझ्या हाताच्या रेषेत आणलं.

"आता?"

सिग्नल शोधत आहे.

थर्मासमधला चहा आम्ही एकाच झाकणातून आळीपाळीनं प्यायलो. झाकण झटकत ते म्हणाले, "आपलं आभाळ वेगळं असेल बहुतेक."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "एक पार्ट कमी पडतोय, काका. दोन आठवडे द्या. इन्शाल्ला होऊन जाईल."

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा रायनशी बोललो. त्याच्या खोलीत त्याच्याच पलंगावर बसून त्याला मेसेज केला, सगळं लिहिलं. तासाभरानं उत्तर आलं: ही वॉन्ट्स व्हॉट? मग दुसरं: गाडीसोबत फुकट आला आहे तो रेडिओ, मी नीट ऐकतही नाही. मग तिसरं: ओके. व्हॉट डू आय डू?

करायचं एवढंच होतं की त्यानं हॉस्पिटलचा रस्ता धरताना फोन डॅशबोर्डवर ठेवायचा आणि रेकॉर्डिंग चालू करायचं. पहिली फाइल आली ती मी लॅपटॉपवर साफ केली. मधे इंजिनाचा आवाज होता, गाडी वळवतानाची इंडिकेटरची टिकटिक होती, ती सगळी काढली. गाणी आणि निवेदक, एवढंच ठेवलं. नखाएवढ्या मेमरी कार्डात भरलं, कार्ड एका छोट्या प्लेअरमध्ये घातलं, प्लेअर पॅनेलच्या आत लपवून ऑक्सच्या वायरीला जोडला.

"सॅटवर नाही, ऑक्सवर लागेल," मी सांगितलं.

"ऑक्स म्हणजे?"

"ऑक्झिलरी." मी घाबरून पुढे म्हणालो, "म्हणजे राखीव. राखीव उपग्रह असतो एक."

काकांनी मान हलवली. "असणारच. देवानं एखादा राखीव ठेवलाच असणार."

हत्ताच्या रस्त्यावर ती गाणी वाजली. काका ऐकत होते, पण मी मागे बसून त्यांच्या पाठीकडे बघत होतो, आणि पाठीवर काही दिसत नव्हतं. चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "छान आहे." सर्दीचं औषध घेतल्यावर म्हणतात तसं.

दुसऱ्या फाइलच्या वेळी कारखान्यात ओव्हरटाइम होता. साफ करायला वेळ मिळाला नाही. आली तशी कार्डात भरली आणि मनातून धास्तावलेलाच गाडीवर बसलो. रस अल खैमा ओलांडून डोंगर लागले, तांबडे, उघडे, सकाळच्या उन्हात सुरकुतलेले. एक गाणं संपत आलं होतं आणि त्याच्यामागून आवाज आला: टिक, टिक, टिक, टिक. इंडिकेटर. मग वायपरचा एक फटकारा. मग एक शिंक. आणि शिंकेनंतर अगदी हळू, नाकातल्या नाकात, त्या गाण्याची शेवटची ओळ गुणगुणणारा एक आवाज.

काकांनी वेग कमी केला. आता विचारणार, आता गाडी थांबवणार. त्यांनी काहीच विचारलं नाही. टिकटिक चालूच होती. मग त्यांच्या डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं आणि आमच्या गाडीचाही इंडिकेटर लागला. पुढे रस्ता नाकासमोर सरळ होता. वळण नव्हतं, फाटा नव्हता, मागे वाहन नव्हतं. दोन टिकटिकी थोडा वेळ मागेपुढे होत राहिल्या, मग क्षणभर एकत्र पडल्या. तिकडची थांबली तशी काकांनी इकडची बंद केली.

मी इंजिनिअर माणूस. मला वाटलं, हात चुकून लागला असेल.

चहाला थांबल्यावर त्यांनी तीन पराठे खाल्ले आणि पराठा करणाऱ्या पोरगेल्या बंगाली माणसाला त्याच्या गावाचं नाव विचारलं. संध्याकाळी रायनचा फोन आला तेव्हा काका बोलले, "तुला सर्दी..." आणि एकदम थांबले.

"व्हॉट, डॅड?"

"काही नाही. इथे थंडी पडलीय म्हटलं."

तिसरी फाइल मी पुन्हा जीव ओतून साफ केली. मागच्या वेळचा हलगर्जीपणा मनाला लागला होता. फुजैराहून परतताना काका म्हणाले, "इंजिनिअर, या खेपेला सिग्नल जरा जास्तच साफ होता. मागचा बरा होता."

"खरखर होती त्यात, काका."

"असू दे. राखीव उपग्रहाला थोडी खरखर असायचीच."

त्यानंतर मी फाइल साफ करायचं सोडलं. कारण विचारलं नाही. त्या हिवाळ्यात आम्ही सगळे रस्ते पाहिले. लिवाच्या वाळूच्या टेकड्या, जिथे गाडी थांबवली की कानात फक्त वाऱ्यानं सरकणाऱ्या वाळूचा आवाज येतो. खोरफक्कानचा समुद्र. ख्रिसमसच्या आदल्या आठवड्यातली फाइल पंचावन्न मिनिटांची होती, बर्फामुळे रायन अडकला होता आणि त्यात तो कुठल्याशा खिडकीपाशी कॉफी मागताना ऐकू येत होता: "नो शुगर." लाल वाळूच्या कडेनं जाताना काका स्वतःशीच म्हणाले, "साखर सोडली वाटतं." मी ऐकलं. आणि तरी मला वाटत राहिलं की माझं गुपित शाबूत आहे. माणसाला आपल्या लबाडीचाही किती अभिमान असतो.

मार्चमध्ये गाडी अल ऐनच्या एका तरुणाला विकली. घर आवरून झालं होतं; भांडी चर्चमधल्या एका कुटुंबाला, पलंग वॉचमनला. रायनच्या खोलीतले तारे मी चाकूनं सोडवायचा प्रयत्न केला, पण रंगाच्या पोपड्यांसकट तुटून येऊ लागले. काका म्हणाले, "राहू दे. पुढच्याचं पोरगं बघेल." गाडी न्यायला तो तरुण दुपारी येणार होता. सकाळी काकांनी मला खाली बोलावलं. पान्हे आणि स्क्रू-ड्रायव्हर त्यांनीच आणले होते.

"तो उपग्रह काढून दे," ते म्हणाले, आणि तळहात पुढे केला.

मी पॅनेल उघडलं, प्लेअर काढला, त्यातून ते कार्ड काढलं. ते काळं, नखाएवढं कार्ड मी त्यांच्या गुळगुळीत तळहातावर ठेवलं. वर बघायचा धीर झाला नाही.

"काका, मी..."

"अरे, पोराची शिंक बापाला कळणार नाही?" त्यांनी मूठ मिटली. "लहानपणापासून तशीच आहे. आधी एक, मग नाक ओढणार." मग म्हणाले, "त्याला सांगू नकोस हं मला कळलं म्हणून. लाजेल. पाठवायचं बंद करेल."

मी कबूल केलं. माझे वडील पान्हा कानाला लावून जमिनीखालचं पाणी ऐकतात, आणि मला वाटलं होतं की बापाचा कान मला फसवता येतो.

गाडी गेली तशा फाइलही थांबल्या. रायनला वाटलं, आता गाडीच नाही तर कशाला. मीही काही लिहिलं नाही. काय लिहिणार, तोंड बांधून घेतलं होतं. काका वसईतून अधूनमधून फोन करायचे, केळीच्या बागेत पाणी तुंबल्याचं सांगायचे, "डबा कोण देतं?" विचारायचे. जुलैमध्ये एका सकाळी मेरीकाकूंचा फोन आला. छातीत दुखलं आणि तासाभरात संपलं. रायन येईपर्यंत त्यांना दोन दिवस ठेवलं होतं. मला सुट्टी मिळाली नाही. नंतर काकूंनी सांगितलं की शर्टाच्या खिशात, जपमाळेच्या डबीत, एक काळं काहीतरी होतं. "कसलं ते कळलं नाही रे. त्यांचं काही असेल म्हणून डबी तशीच शवपेटीत सोबत ठेवली."

चौथ्या दिवशी रायननं वसईहून फोन केला. मागे माणसांचा गलबला होता. त्यानं एकच विचारलं, "ही नेव्हर न्यू, राइट? दॅट इट वॉज मी?"

मी शब्द दिलेला होता. "नाही," मी म्हणालो. "नो. नेव्हर."

"ओके," तो म्हणाला. "गुड." पण त्या "गुड"मध्ये काही चांगलं नव्हतं, हे मलाही ऐकू आलं. चार महिने ते माझ्या कानात आहे.

आज अल ऐनच्या रस्त्यावर इतकं धुकं होतं की पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते. पेट्रोल पंपाच्या पुढे बाजूला गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि फाइल लावली.

गाण्याची वाट बघितली. आलं नाही. टायरखालचा ओला रस्ता ऐकू येत होता, वायपर, हीटरची हवा. दहा मिनिटं गेली, वीस गेली. रेडिओ बंद होता. निवेदक नाही, गिटार नाही, एक अक्षर बोलणं नाही. नुसता एक माणूस गाडी चालवत होता आणि कुणालातरी ते ऐकवत होता. एकदा शिंकला. मग नाक ओढलं. अगदी शेवटी टिकटिक सुरू झाली, बराच वेळ चालली, आणि फाइल संपली.

धुक्यातून मोटारसायकलींची एक रांग गेली, दिवे लावलेली, हिवाळ्याची पहिली. मी फोन उचलला. काकांनी मला गप्प बसवलं होतं ते रायननं पाठवणं बंद करू नये म्हणून. ते कारण आता कुठे उरलं आहे, असं मनाला विचारलं, आणि रायनला लिहिलं. त्यांना माहीत होतं. दुसऱ्याच फाइलपासून. तू शिंकला होतास. तू लाजशील आणि पाठवायचं बंद करशील म्हणून त्यांनी मला सांगू दिलं नाही. ते कार्ड त्यांच्या खिशात होतं, त्यांच्यासोबतच गेलं. मी तुझ्याशी खोटं बोललो.

मेसेज पोचला. त्यानं वाचला. तो काही लिहितो आहे असं दिसू लागलं, मग थांबलं, पुन्हा दिसू लागलं, पुन्हा थांबलं. मी वाट बघितली. मग फोन शेजारच्या सीटवर ठेवला.

धुकं जरा विरळ झालं होतं. गाडी सुरू केली, डावा इंडिकेटर लावला, आरशात बघून रस्त्यावर आलो. टिकटिक चालू राहिली. बंद करायला हात गेला नाही. पुढे बराच वेळ वळण नव्हतं.